श्वसनमार्गाचे आरोग्य आणि ओलावा

मनुष्य दिवसाकाठी सुमारे १० हजार लिटर हवा श्वासावाटे आत घेतो. विदर्भ-मराठवाड्यात ही हवा वैशाखात तप्त व कोरडी, तर पौषात थंड व कोरडी असते. तथापि फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोचताना ती ३७ अंश सेल्सिअस तपमानाची व बाष्पाने संपृक्त झालेली असते. हे कार्य मुख्यत्वे नाकातील ओलसर अस्तर करते. तोंडाने श्वास घेतल्यास हा लाभ पुरेसा मिळत नाही.

ओलाव्याचे कार्य

श्वासनलिकेच्या आतील बाजूस चिकट द्रवाचा पातळ थर असतो. त्यात सुमारे ९५ टक्के पाणीच असते. धूळ, परागकण व रोगजंतू या थरात अडकतात. त्याखालील केसांसारखे सूक्ष्म तंतू अखंड हलत राहून तो घशाकडे ढकलतात. थर सुकला की घट्ट होतो, तंतूंची हालचाल मंदावते आणि जंतूंना ठाण मांडण्यास अवसर मिळतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात उंदरांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोरड्या हवेमुळे ही सफाई मंदावल्याचे व इन्फ्लुएन्झा अधिक तीव्र झाल्याचे आढळून आले.

अतिरेकही अपायकारक

घरातील सापेक्ष आर्द्रता साधारणतः ४० ते ६० टक्के असणे हितकर होय. पावसाळ्यात कोकणातील ओल धरलेल्या भिंतींवर बुरशी वाढते व दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. अशा घरांत वायुवीजन आवश्यक ठरते. कूलरचे पाणीही नियमितपणे बदलावयास हवे.

गावपातळीवरील उपाय

शाळेत पिण्याचे पाणी सहज उपलब्ध असावे व मुलांना ते पिण्याची आठवण द्यावी. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, फळा ओल्या फडक्याने पुसावा. खडी फोडण्याच्या ठिकाणी पाण्याचे फवारे असल्याची पंचायतीने खात्री करून घ्यावी. कारण दगडाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात खोलवर साचते आणि तिने झालेली इजा भरून येत नाही. चुलीचा धूर घराबाहेर जाईल अशी व्यवस्था असावी. वाफेसाठी उकळते पाणी मुलांपुढे कदापि ठेवू नये. त्यामुळे भाजण्याचे अपघात घडतात.

मात्र प्रत्येक खोकला कोरड्या हवेचाच असतो असे मानणे धोक्याचे आहे. दोन आठवडे वा अधिक काळ टिकणारा खोकला क्षयाचे लक्षण असू शकतो. अशा व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठविणे, हे शिक्षक व पंचायत सदस्य यांचे कर्तव्यच ठरते.