आधी खोका, मग वॅट!

आमच्या नाकाडोंगरीकडे (ता. तुमसर) दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की साउंडवाल्याला एकच प्रश्न विचारतात, "किती वॅट?" कर्ज काढून मोठा अॅम्प्लिफायर घेणारेही आहेत. माझ्या मते हा प्रश्न शेवटचा.

कोन पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन लाटा भेटल्या की बेस कटतो. खोका मागची लाट अडवतो आणि आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोका फार लहान केला की स्प्रिंग कडक होते, मग खोल बेस जातो आणि उरते नुसती ढबढब!

माप अंदाजाने काढू नका. माहितीपत्रकात थील-स्मॉल आकडे असतात. समजा एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४, व्हीएएस ६० लिटर. बंद खोक्यासाठी क्यू ०.७०७ धरू. ०.७०७ ला ०.४ ने भागा, वर्ग करा (३.१२), १ वजा करा. उरलेल्या २.१२ ने ६० ला भागलं की साधारण २८ लिटर. रेझोनन्स ५० हर्ट्झच्या आसपास येतो. हे आतलं माप आहे. मॅग्नेट आणि आधारपट्ट्यांची जागा वेगळी धरायची. फटी मात्र नीट बुजवा.

आता वॅट. पॉवर दुप्पट केली तरी वाढतात फक्त ३ डेसिबल! ८ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की लोड ४ ओहम, तेवढा अॅम्प्लिफायरला झेपतो का ते आधी बघा. आवाज फाटू लागला तर व्हॉल्यूम लगेच कमी करा, नाहीतर कॉइल जळते.