जीपचा हूड करकरतो, तेल कुठे घालू?

प्रश्न : वडिलांची जुनी महिंद्रा एमएम ५४० वापरतो. कारखान्याच्या रस्त्याला लागलं की हूड करकर वाजतो. ताडपत्री कडक झाली असेल म्हणून डिझेल चोळलं, फरक नाही. नवा हूड शिवून घेऊ का?
– एक वाचक, पारगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : एवढ्यात शिवायला टाकू नका. आवाज बहुधा ताडपत्रीचा नाही, खालच्या सांगाड्याचा आहे. खड्ड्यात बॉडी पिळते आणि कमानींचे पाइप सांध्यांत घासतात. कुणाला तरी गाडी सावकाश चालवायला सांगा, तुम्ही मागे बसून एकेक कमान दाबून धरा. जिथे करकर थांबेल, तो सांधा. त्याचा बोल्ट काढून गंज पॉलिश पेपरने घासा, नायलॉनचा वायसर घालून आवळा. पाइप ढिलाच असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. हा फुकटचा इलाज माझ्या मते सर्वांत टिकाऊ.

काचेच्या चौकटीवरचं रबर कुरकुरत असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा. तेल-ग्रीस नको, रबर फुगतं. शिवाय ऊसगाड्यांच्या हंगामातली धूळ त्यात बसली की सांधे आणखी झिजतात. डिझेल तर मुळीच नको. ताडपत्रीचं वॉटरप्रूफिंग जातं, आगीची भीती वेगळीच. साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

पाइपला चीर दिसली तर वेल्डिंगआधी ताडपत्री उतरवा आणि बॅटरीची वायर काढा.