मेटिओराच्या सुळक्यांवर मठ पोहोचले कसे?

प्रश्न : ग्रीसमधल्या मेटिओराचे सुळके ज्वालामुखीतून तयार झाले का? आणि वाटच नसलेल्या माथ्यांवर मठ बांधले तरी कसे?

उत्तर : सह्याद्रीचे लाव्ह्यातून घडलेले सुळके आपल्या नजरेत बसलेले असल्याने ज्वालामुखीची शंका येणे साहजिकच. पण थेसली प्रांताच्या पश्चिम टोकाला, कालाम्बाका गावाच्या डोक्यावर उभे असलेले हे खडक पाण्याची करणी आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी इथल्या उथळ पाण्यात गोटे आणि वाळू आणून टाकली. त्या थरांचा घट्ट खडक झाला. आजही चिक्कीतल्या दाण्यांसारखे गोटे त्यात स्पष्ट दिसतात. याला पिंडाश्म म्हणतात. पुढे जमीन उचलली गेली, खडकाला उभ्या भेगा पडल्या, त्यांत पाऊसवारा शिरला. भेगा रुंदावत गेल्या आणि मधले खांब उरले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही या खडकातच आहे. झीज सगळीकडे सारखी होत नाही, म्हणून कड्यांत पोकळ्या आणि गुहा तयार झाल्या. अकराव्या शतकापासून एकांत शोधणारे ख्रिस्ती तपस्वी राहिले ते या गुहांत. थेट माथ्यावर कोणी घर केले नाही. चौदाव्या शतकात बायझंटाइन सत्ता खिळखिळी झाली, लूटमार वाढली, तेव्हा उंच जागेची गरज भासली. अ‍ॅथॉस पर्वतावरून आलेल्या अथानासिओसने रुंद माथ्याचा खडक निवडून ‘मोठा मेटिओरा’ मठ स्थापला. त्याला गरुडाने वर नेले, ही दंतकथा फार गोड आहे. पण मठ उभे राहिले ते माणसांच्या दंडातल्या बळावर. लाकडी शिड्या, दोरखंड आणि वर बसवलेला रहाट ही त्यांची साधने. जाळ्यात धान्य, दगड, लाकूड भरायचे आणि वरच्या साधूंनी रहाट फिरवून ते ओढायचे. माणसेही अशीच वर जात. संकट आले की शिडी ओढून घेतली, म्हणजे मठ सुरक्षित. हे बांधकाम मला खडकाइतकेच थक्क करते.

भरभराटीच्या काळात इथे चोवीस मठ होते. आज सहा नांदते आहेत आणि त्यांपैकी रुसानू व सेंट स्टीफन या दोन मठांत जोगिणी राहतात. १९८८मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

आता जाळ्यात बसायची भीती नको. १९२०च्या दशकात खडकात पायऱ्या खोदल्या गेल्या. मात्र खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. प्रत्येक मठाचा सुट्टीचा वार वेगळा असतो, तेवढा आधी पाहून ठेवा.