वायरचे इंटरनेट लॅपटॉपवर येते, मोबाइलवर का येत नाही?

कर्जत, खोपोली, खालापूरकडे डोंगराच्या आडोशाला पुष्कळ गाळ्यांत मोबाइलची रेंज पोहोचत नाही. केबलवाल्याची वायर थेट लॅपटॉपला लावलेली असते. ई-वे बिल त्यावर निघते. परंतु गिऱ्हाइकाने क्यूआरवर भरलेली रक्कम जमा झाली की नाही, हे मोबाइलवरच पाहावे लागते. अशा व्यापारी बांधवांनी लॅपटॉपचेच वायफाय करावे. विंडोज १० व ११ च्या सेटिंग्जमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ आहे. त्यात इथरनेट निवडावे. आठ उपकरणे जोडता येतात.

मोबाइलवर हॉटस्पॉटचे नावच दिसत नसेल तर बँड पाहावा. जुने मोबाइल व स्वस्त प्रिंटर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच ओळखतात.

नाव दिसते, जोडणीही होते, पण इंटरनेट नाही, ही खरी डोकेदुखी. मोबाइलच्या वायफाय तपशिलात आयपी पत्ता पाहावा. तो १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर हॉटस्पॉट ठीक आहे. लॅपटॉपवरील व्हीपीएन बंद करून पाहावे. पत्ताच मिळत नसेल तर बहुतेक वेळा अँटिव्हायरसची फायरवॉल आडवी येते.

युजरनेम-पासवर्ड टाकून ‘डायल’ करणाऱ्यांचे प्रकरण वेगळे. त्यांचे इंटरनेट इथरनेटवर नसून त्या डायल कनेक्शनवर असते. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ चालू करून पाहावे. माझ्या मते मात्र त्यांनी फार खटपट न करता केबलवाल्याकडून तेच युजरनेम राऊटरमध्ये भरून घ्यावे. लॅपटॉप झोपला की हॉटस्पॉटही बंद पडतो. राऊटरला ती अडचण नाही.