गाडी गॅरेजला जाते, ड्रायव्हरचे काय?

ट्रकला अपघात झाला की पुढची कामे ठरलेली असतात. पंचनामा होतो, विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन फोटो काढतो, क्रेन लावून गाडी गॅरेजला नेली जाते. चासी वाकली आहे का, ब्रेक धरतात का, स्टेअरिंग शाबूत आहे का, हे मिस्त्री एक-एक करून पाहतो. त्याची खात्री पटल्याशिवाय कोणताही शहाणा मालक ती गाडी लोडला लावत नाही. परंतु त्याच गाडीत बसलेल्या माणसाची तपासणी कोण करतो? टाके निघाले, जामीन झाला, हातपाय चालतात, म्हणजे ड्रायव्हर ठीक आहे असे आपण धरून चालतो आणि आठ-पंधरा दिवसांत त्याच्या हातात चावी देतो.

आपल्यातील कितीतरी घरे ट्रकच्या धंद्यावर चालतात. कोणी मालक आहे, कोणी चालक, कोणी क्लीनर, कोणी मिस्त्री तर कोणी ट्रान्सपोर्टचे ऑफिस चालवतो. म्हणून अपघातानंतर चालकाच्या मनाचे काय होते आणि त्याला पुन्हा धंद्यात उभे कसे करावे, हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत. हा विषय दवाखान्याचा तर आहेच, पण तितकाच धंद्याचाही आहे.

एक उदाहरण

आमच्या माहितीतील एक चालक वीस वर्षे मालेगावहून भिवंडीला कापडाच्या गाठी नेत होते. चांदवडजवळचा राहुड घाट आणि पुढचा कसारा घाट त्यांना तोंडपाठ. एका रात्री कच्च्या रस्त्यावरून एक मोटारसायकल अचानक समोर आली. ब्रेक लागला, पण उशीर झाला होता. मोटारसायकलवरचा तरुण जागीच गेला. चालकाच्या कपाळाला चार टाके पडले, बाकी काही नाही.

पंधरा दिवसांनी ते गाडीवर गेले. क्लीनर सांगू लागला, "उस्ताद मोटारसायकल दिसली की दचकतात, उगाच ब्रेक मारतात." घरी ते झोपेतून ओरडत उठत. मुलाच्या हातून डबा पडला तरी त्याच्या अंगावर धावून जात. रात्रीची खेप आली की पोट दुखते म्हणत. मालक म्हणाला, "चाचा, वीस वर्षांचे ड्रायव्हर तुम्ही, एवढ्याने घाबरता?" त्यानंतर त्यांनी कोणाला काही सांगणेच सोडून दिले. झोप यावी म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या घेऊ लागले. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे गोळीची गुंगी उतरलेली नसताना गाडी दुभाजकावर चढली. नशिबाने कोणी सापडले नाही.

या दुसऱ्या अपघाताचे कारण रस्त्यात नव्हते. ते पहिल्या अपघातात होते आणि तीन महिने त्याची तपासणीच झाली नव्हती.

हा भित्रेपणा नाही

मोठा अपघात पाहिल्यावर पहिले काही दिवस झोप न लागणे, हात थरथरणे, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणे, रडू येणे किंवा काहीच न वाटणे, हे सारे स्वाभाविक आहे. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत आपोआप ओसरतो.

मात्र एक महिना उलटूनही त्रास तसाच राहिला किंवा वाढला, तर तो आजार समजावा. डॉक्टर त्याला 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली हे नाव आपल्या आजारांच्या यादीत घातले. त्याच्या खुणा चार प्रकारच्या आहेत. एक, घटना पुन्हा पुन्हा अनुभवास येणे, मग ती स्वप्नात असो की जागेपणी. दोन, ती जागा, ती गाडी, त्या गोष्टी टाळणे. तीन, 'माझेच सारे चुकले', 'आता काही चांगले होणार नाही' असे मनाने धरून बसणे. चार, सतत सावध राहणे, दचकणे, चिडणे आणि झोप उडणे. हा वेडेपणा नाही, तसाच भित्रेपणाही नाही. वाकलेला एक्सल जसा शिव्या देऊन सरळ होत नाही, तसाच हा त्रास 'मर्द बन' म्हटल्याने जात नाही.

"एक सेकंद आधी ब्रेक मारला असता तर"

हा प्रश्न चालकाला रात्री जागवतो. त्याचे उत्तर थोडे हिशेबाने द्यावे लागेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक पुढे जाते. समोर काही आल्याचे डोळ्यांना दिसणे, मेंदूने ते ओळखणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात दीड सेकंद गेला तरी गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक धरायला सुरुवात त्यानंतर होते आणि भरलेल्या ट्रकला थांबायला आणखी अंतर लागते. म्हणजे १५ मीटरवर अचानक समोर आलेल्या माणसाला त्या वेगात कोणताही उस्ताद वाचवू शकत नाही. हे गणित कागदावर मांडून पाहिले की पुष्कळांच्या छातीवरचे ओझे कमी होते.

पण चूक खरोखर आपली असेल तर? झोप आली होती, मोबाइल कानाला होता, वेग जास्त होता, असे असेल तर? आम्ही खोटा दिलासा देणार नाही. अशा वेळी स्वतःची समजूत घालण्यापेक्षा चूक तिच्या नावाने ओळखावी, वकिलाला खरे सांगावे आणि ती सवय कायमची सोडावी. पश्चात्ताप कामाला लावता येतो. मृताच्या घरच्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून भरपाई मिळते. त्यासाठी विमा, परवाना व गाडीची कागदपत्रे वेळेवर व खरी देणे हे चालक-मालकाच्या हातात आहे. त्या घरी जाऊन भेटावेसे वाटले, तर वकिलाला विचारून आणि दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांमार्फतच जावे. एकट्याने जाऊ नये.

हातून नकळत जीव गेला तर दियत आणि कफ्फारा यांचे काय, हा प्रश्नही आपल्या चालकाच्या मनाला लागून राहतो. त्याचा निकाल ढाब्यावरच्या गप्पांत लावू नये. घटना घडली तशी जाणत्या आलिमांपुढे मांडावी आणि ते सांगतील तसे करावे. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की मनाची अर्धी घालमेल थांबते.

पळून गेल्याची बोच

जमावाच्या भीतीने गाडी सोडून पळालेला चालक नंतर सर्वांत जास्त पोळतो. "तो जिवंत होता का?" हा प्रश्न त्याचा पाठलाग सोडत नाही. म्हणून कायदा काय सांगतो ते आधीच माहीत असावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. परंतु जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल, तर कायदा तेवढी सवलत देतो. अशा वेळी चालकाने घरी किंवा नातेवाइकांकडे न लपता जवळच्या पोलीस ठाण्यात जावे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, घटना व थांबता न आल्याचे कारण सांगावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये जास्तीत जास्त ५ वर्षांची शिक्षा आहे आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. न कळवता पळून जाणाऱ्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेल्या उपकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवण्यात आले. पण कायद्याचे कलम काहीही असो, १०८ नंबरला एक फोन केल्याचे समाधान पुढे वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

पहिल्या महिन्यात काय करावे

१. चालकाला एकटे सोडू नये. जेवण, अंघोळ, झोप यांच्या वेळा सांभाळाव्यात.

२. त्याला बोलायचे असेल तर ऐकावे. पण आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे 'कसे झाले, सांग' म्हणून सारी हकीकत वदवून घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचे सूत्र तीनच शब्दांचे आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. जोडून द्या म्हणजे वकील, डॉक्टर, नातेवाईक, ज्याची गरज असेल त्याच्याशी गाठ घालून द्या.

३. अपघाताचे फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहू नयेत, ग्रुपवर फिरवू नयेत.

४. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अशा ताणाच्या पहिल्या महिन्यात बेन्झोडायझेपीन गटाची औषधे त्रास कमी करण्यासाठी देऊ नयेत, असे याच संघटनेने २०१३ साली डॉक्टरांनाही सांगितले आहे. दारू आणि नशा यांनी झोप येत नाही, फक्त शुद्ध हरपते.

५. क्लीनरला विसरू नये. शेजारच्या सीटवर बसून त्यानेही सारे पाहिलेले असते. पुष्कळदा तो अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो.

६. 'मी मेलो असतो तर बरे' असे शब्द तोंडून निघाले, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

स्टेअरिंगवर परत

काही चालक दुसऱ्याच दिवशी गाडीवर जाण्याचा हट्ट धरतात, काही गाडीकडे बघायलाही तयार नसतात. दोन्ही टोके वाईट. भीतीचा एक स्वभाव आहे: तिला टाळत गेलो तर ती वाढते, तिच्याकडे पायरी पायरीने गेलो तर कमी होते. म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवतो.

पहिल्यांदा उभ्या गाडीत नुसते बसावे, इंजिन चालू करून बंद करावे. जमले की मोकळ्या यार्डात गाडी फिरवावी. मग दिवसा, जवळची, हलकी खेप करावी आणि बरोबर दुसरा अनुभवी चालक असावा. अपघाताच्या जागेवरून आधी क्लीनरच्या सीटवर बसून दिवसा जावे, नंतर स्वतः गाडी चालवत. रात्रीची आणि घाटाची खेप सर्वांत शेवटी. एका पायरीवर छातीची धडधड खाली आल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नये. वाटेत घाबरल्यासारखे झाले, तर इंडिकेटर देऊन गाडी बाजूला घ्यावी, हळूहळू श्वास सोडावा, पाणी प्यावे. झोप होत नसेल किंवा गोळीची गुंगी असेल, त्या दिवशी स्टेअरिंगला हात लावू नये.

उपचार कोठे मिळतात

जिल्हा शासकीय रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा नंबर १४४१६ असून ती दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येते. ढाब्यावर गाडी लावून केबिनमधूनही हा फोन करता येतो. मानसिक उपचार मिळणे हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने दिलेला हक्क आहे.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे, "मी ट्रक चालवतो." म्हणजे ते गुंगी आणणारे औषध टाळतील किंवा गाडी कधी चालवू नये ते सांगतील. समुपदेशनात घटनेकडे सुरक्षितपणे परत पाहायला शिकवतात. औषध दिले तर त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच सोडू नये.

मालकांसाठी चार शब्द

अपघातानंतर चालकाचा पगार तोडू नका. निदान खुराकीचे पैसे घरी पोहोचवा. नुकसान त्याच्या हिशेबात टाकण्याची घाई करू नका. कामावर जखमी झालेल्या कामगाराला मालकाकडून भरपाईचा हक्क आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला आहे. मोटार वाहतुकीतील कामगारांना १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची साधारण मर्यादा घालून दिली होती. सलग रात्रंदिवस गाडी पळवणाऱ्यांनी आपल्या वहीत हे तास एकदा मोजून पाहावेत. आणि परत आलेल्या चालकाला चारचौघांत 'त्या दिवशी काय केलेस' म्हणून टोकू नका. अनुभवी चालक दोन महिने हलक्या कामावर ठेवण्याचा खर्च दुसऱ्या अपघाताच्या खर्चापुढे काहीच नाही.

वर ज्या चालकांची हकीकत सांगितली, त्यांच्या मालकालाही दुभाजकावर चढलेली गाडी पाहूनच शहाणपण आले. तो स्वतः त्यांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला गेला. गोळ्या बंद झाल्या, योग्य उपचार सुरू झाला, तीन महिने त्यांनी गोदामावर माल मोजण्याचे काम केले. आता ते पुन्हा भिवंडीची खेप करतात, पण दिवसाच. त्या तरुणाची आठवण गेली का, असे आम्ही विचारले. "गेली नाही," ते म्हणाले, "पण आता ती माझ्या शेजारच्या सीटवर बसते. स्टेअरिंगवर बसत नाही."

मालकांनो, गाडी पास करण्यापूर्वी मिस्त्रीला जेवढे विचारता, तेवढे एकदा ड्रायव्हरलाही विचारा. आणि चालक बांधवांनो, विचारले तर खरे सांगा. घरी वाट पाहणाऱ्यांना तुम्ही सुखरूप परत यायला हवे आहात.