पाठीवर मऊ शिंग असलेला कोळी

मेलेला कोळी तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. माळ्यावर किंवा कपाटामागे तो उताणा पडलेला असतो आणि त्याचे आठही पाय आत दुमडलेले असतात. पाय असे आतच का वळतात? या साध्या प्रश्नापासून निघून आपण आफ्रिकेतील एका विलक्षण कोळ्यापर्यंत जाणार आहोत.

स्नायूऐवजी दाब

आपला गुडघा वाकवायला एक स्नायू लागतो आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याच्या पायातील दोन मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे नाहीत. ते काम द्रवाचा दाब करतो. डोके आणि छाती मिळून झालेल्या भागाला शिरोवक्ष म्हणतात. तेथील स्नायू आकुंचन पावले की आतला रक्तासारखा द्रव पायांत रेटला जातो आणि पाय सरळ होतात. जत्रेत एक कागदी गुंडाळी मिळते. फुंकली की ती सरळ होते आणि फुंक थांबली की पुन्हा गुंडाळते. तत्त्व तेच!

१९५९ साली पॅरी आणि ब्राउन या शास्त्रज्ञांनी घरात आढळणाऱ्या एका कोळ्याच्या पायातील हा दाब मोजला. कोळी स्वस्थ असताना तो पाऱ्याच्या सुमारे ५ सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतका होता, पण क्षणभर ४० सेंटीमीटरपर्यंत चढे. हवेचा दाब ७६ सेंटीमीटर असतो हे आठवा, म्हणजे या दाबाचे महत्त्व कळेल. कोळी मेला की हा दाब नाहीसा होतो आणि पाय दुमडतात.

पाठीवरची खळी

टॅरंटुला हे मोठे, केसाळ कोळी. त्यांच्या शिरोवक्षाच्या पाठीवर मध्यभागी एक खळी असते. कवचाच्या आतल्या बाजूने, नेमक्या याच जागी, चोषक जठराचे स्नायू जोडलेले असतात. कोळी घास चावून गिळत नाही. तो भक्ष्यावर पाचकरस सोडतो आणि पातळ झालेले अन्न शोषून घेतो. स्नायूंनी जठराची भिंत ओढली की जठर रुंदावते, आतला दाब घटतो आणि रस आत येतो. इंजेक्शनच्या पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर औषध आत येते, तसेच हे.

दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात सेराटोगायरस नावाच्या प्रजातीचे टॅरंटुला आढळतात. त्यांच्यापैकी कित्येक जातींत या खळीच्या जागी कठीण शिंग असते.

अंगोलातील शोध

अंगोला १९७५ साली स्वतंत्र झाला, पण तेथील यादवी युद्ध २००२ पर्यंत चालले. युद्धातील सुरुंग जमिनीत तसेच राहिल्याने अंतर्भागातील प्राणिजीवनाचा अभ्यास फार थोडा झाला होता. पुढे ओकावांगो नदीच्या उगमप्रदेशात पाहणी सुरू झाली. तीत जॉन मिजली यांना रात्रीच्या वेळी, मिओम्बो वृक्षांच्या वनात, बिळांतून काही टॅरंटुला मिळाले. त्यांच्या पाठीवर शिंग होते, पण ते मऊ, लांबलचक आणि मागे उदरावर आलेले!

मिजली आणि इयन एंगेलब्रेक्ट यांनी २०१९ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव ठेवले सेराटोगायरस ॲटोनिटिफर. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘विस्मय वाहणारा’ असा होतो.

‘नवी जाती’ म्हणजे मात्र विज्ञानाला नवी. तेथील रहिवासी तिला ‘चंदाचुली’ म्हणून आधीपासूनच ओळखत होते. मादी स्वतः बीळ न खणता तयार बीळ मोठे करते आणि कीटक हे तिचे मुख्य खाद्य आहे, ही माहिती त्यांनीच दिली. तिच्या चाव्याने काही माणसे दगावल्याचेही त्यांनी सांगितले. संशोधकांच्या मते याचे कारण जहाल विष नसून, औषधोपचाराअभावी जखमेत होणारा जंतुसंसर्ग हे असावे. दवाखाना दूर असला की साधी जखमही जिवावर बेतते, हे आपल्याही खेड्यांना ठाऊक आहे.

शिंग कशासाठी?

कठीण शिंगामुळे जठराच्या स्नायूंना जोडले जाण्यास अधिक जागा मिळत असावी, असे एक अनुमान आहे. ते मऊ शिंगाला लागू पडते का? पक्क्या भिंतीतील खिळा भार पेलतो, ओल्या मातीतील खिळा निसटतो. स्नायूला ओढ देण्यासाठी टेकू कठीणच हवा. मग त्यात चरबी किंवा पाणी साठत असेल का? तसे असेल तर भुकेल्या कोळ्याचे शिंग आक्रसले पाहिजे. हे तपासण्यासाठी जिवंत कोळ्यांचे दीर्घकाळ निरीक्षण करावे लागेल. वर्णनासाठी तर केवळ माद्याच मिळाल्या होत्या.

वर्गात असे सांगितले की विद्यार्थी हटकून विचारतात, “सर, मग उत्तर काय लिहायचे?” उत्तर असे : शिंगाचे कार्य अद्याप निश्चित झालेले नाही. हे उत्तर अपुरे वाटेल, पण ते खरे आहे. नुसत्या तर्काला उत्तर मानून थांबलो, तर पुढचे निरीक्षण कोणी करणारच नाही.

विचार करा :

१. पाण्याचा बारीक नळ बंद करताना रबरी नळी सैल का पडते? कोळ्याच्या पायाशी त्याची तुलना करा.

२. पाय तुटलेला कोळी जखम लगेच बंद करू शकला नाही, तर त्याचे उरलेले पाय सरळ होतील का? कारण द्या.

३. मऊ शिंगाच्या उपयोगाविषयी एक अनुमान मांडा आणि ते चुकीचे ठरवू शकेल असा एक प्रयोग सुचवा.