जुन्या स्पोर्ट्स कारमधला पेट्रोलचा वास: शोधा, पकडा, घालवा

बेंगळुरूच्या सॅन मोटर्सची स्टॉर्म तुमच्याकडे अजून पळत असेल, तर आधी शाबासकी! आणि तिच्यात बसल्यावर नाकात पेट्रोल भरत असेल, तर बाह्या वर करा. ही कृती स्टॉर्म डोळ्यांपुढे ठेवून सांगतोय: फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजेक्शनवालं इंजिन. कार्ब्युरेटरवाल्या गाडीला जिथे वेगळं करायचं, तिथे तसं सांगेन. गळतीची जागा सापडेपर्यंत दुकानाची पायरी चढायची नाही, एवढं मात्र कबूल करा.

हाताशी ठेवा: एबीसी पावडरचा अग्निशामक, एलईडी टॉर्च, गॉगल, पेट्रोलला टिकणारे हातमोजे, छोटा आरसा, पांढरे टिश्यू, पुठ्ठ्याचे चार तुकडे, रंगीत चिकटपट्टी, पाने, धारदार ब्लेड, पसरट भांडं, फडकं, जॅक, ॲक्सल स्टँड, पांढरा पेंट मार्कर, झाकणाचा लोखंडी जेरीकॅन. आणि सोबतीला एक माणूस, चावी फिरवायला.

शोध

१. गाडी ढकलत उघड्यावर आणा. अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये हे काम अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते. जनरेटरपासूनही लांब राहा.

२. बॉनेट, डिकी, दारं, टप सगळं उघडून पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात कोणी सिगारेट घेऊन गप्पा मारायला आलं तर त्याला लांबूनच परत पाठवा.

३. अग्निशामक वारा येतो त्या बाजूला, दोन पावलांवर ठेवा. गाडीला टेकवून ठेवलात तर आगीतूनच हात घालून उचलावा लागेल.

४. इंजिनाच्या उघड्या धातूला एकदा हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. फायबरग्लासच्या बॉडीला हात लावून ती उतरत नाही. हे स्टॉर्मवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवा.

५. इंजिन, मधला भाग आणि टाकी, तिन्हींच्या खाली पुठ्ठे सरकवा. तासाभराने पाहा. पेट्रोल उडून जातं, त्यामुळे थेंब दिसला नाही तरी डागाची कडा शोधा. ताजा ओला थेंब दिसला, तर आता इंजिन सुरू करायचंच नाही.

६. वास नेमका कधी येतो ते कागदावर लिहा. हा कागद तुमचे निम्मे कष्ट वाचवणार आहे. टाकी फुल केल्यावरच येतो आणि निम्मी झाली की जातो? मग टाकीचा वरचा भाग, भरायची नळी किंवा वाफेची नळी. सकाळी थंड गाडी सुरू करताना येतो आणि इंजिन तापल्यावर जातो? मग बॉनेटखालची कडक झालेली रबरं. वळणावरच येतो? पुन्हा टाकीची वरची बाजू, कारण पेट्रोल तिथे हिंदकळतं. गाडी बंद करून ठेवल्यावर दहा मिनिटांनी येतो, तोही कार्ब्युरेटरवाल्या गाडीत? मग कार्ब्युरेटर. सिल्क बोर्डच्या सिग्नलला उभं असताना डोळे चुरचुरतात, तो बहुधा सायलेन्सरचा धूर. ती तक्रार वेगळी, ट्यूनिंगची. एक फसगत टाळा: टप उघडा ठेवून पळवताना हवा मागून पुढे सीटकडे ओढली जाते. नाकाला वास डॅशबोर्डपाशी जाणवला तरी उगम मागे असू शकतो. म्हणून आपण टाकीकडून इंजिनाकडे जायचं, उलटं नाही.

७. पेट्रोलच्या झाकणाचं रबर बोटाने दाबून पाहा. भेगा पडल्या असतील किंवा ते चपटं झालं असेल, तर चिकटपट्टीने खूण करा. त्यावर ग्रीस किंवा सिलिकॉन फासू नका; पेट्रोल ते खाऊन टाकतं.

८. झाकणाखालून टाकीपर्यंत जाणारी जाड रबरी नळी शोधा. तिची खालची बाजू आरशाने बघा. वरून ठणठणीत दिसणारी नळी खालून फाटलेली निघते. टिश्यू फिरवून हुंगा.

९. तिच्या शेजारची बारीक वाफेची नळी दोन्ही टोकांना हलवून पाहा. निसटलेली असेल तर चोर सापडलाच! गाडीला कोळशाचा कॅनिस्टर असेल तर तोही हुंगा. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर करू?’ असं विचारतात, त्याला नाही म्हणा. ते जास्तीचं पेट्रोल या कॅनिस्टरमध्ये जाऊन बसतं.

१०. टाकीवरच्या पंपाच्या झाकणाभोवती टिश्यू फिरवा. धूळ ओली होऊन काळी पडली असेल तर खालचं सील गेलं.

११. गाडी ॲक्सल स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, विटा आणि हॉलो ब्लॉकही चालणार नाहीत.

१२. धातूची नळी जिथे रबराला मिळते, तो प्रत्येक सांधा पुसून कोरडा करा. बॉनेटखालचेही. सांधा मळका राहिला तर पुढच्या पायरीत काही दिसणार नाही.

१३. सोबत्याला चावी फक्त ‘ऑन’ करायला सांगा, स्टार्टर नको. पंप दोनेक सेकंद घूं करून थांबेल. असं तीनदा. तुम्ही टॉर्च घेऊन एकेक सांधा बघा, पण गॉगल घालून आणि तोंड लांब ठेवून. इंजेक्शनच्या नळीत अडीच-तीन बार दाब असतो, टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत मेकॅनिकल पंप असेल तर इंजिन मिनिटभर चालवावं लागेल, तेही पुठ्ठे कोरडे असतील तरच.

१४. प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी आणि माथ्याशी टिश्यूचं टोक लावा. ओलं झालं तर ओ-रिंग.

१५. प्रेशर रेग्युलेटरला बारीक व्हॅक्यूम नळी जोडलेली असेल तर ती उपसून पाहा. आत पेट्रोल दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटला, तो बदलायचाच.

१६. ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास आणि पातळी वर चढलेली, असं दिसलं तर इथेच थांबा, गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

दुरुस्ती

१७. पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि आपोआप बंद पडू द्या. नळीतला दाब उतरला. ओली गळती दिसली असेल त्यांनी हे करू नये. त्यांनी नुसता फ्यूज काढून गाडी रात्रभर उघड्यावर सोडावी.

१८. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. आधी निगेटिव्हच, नाहीतर पाना कुठे टेकला की ठिणगी.

१९. पेट्रोलचं झाकण सैल करून टाकीतला दाब सोडा. भरायच्या नळीचं काम असेल तर टाकी पावपेक्षा जास्त भरलेली नको.

२०. खूण केलेल्या नळीखाली भांडं धरून, सांध्याला फडकं गुंडाळून क्लिप सोडवा. थोडं पेट्रोल येईलच, घाबरू नका.

२१. नळीला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर देऊन ती सोलून काढा. पिळून ओढलीत तर नळी ज्यावर चढलेली असते ते आतलं जुनं नाकाडं मोडेल आणि पन्नास रुपयांचं काम हजारांत जाईल.

२२. काढलेला तुकडा घेऊन बेंगळुरूच्या जे. सी. रोडला जा. आता खरेदी! ‘फ्युएल इंजेक्शन होज’ मागा आणि नळीवरची अक्षरं स्वतः वाचा: एसएई जे३०आर९. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी जे३०आर१०. बाहेरची नळी आत चालत नाही. कार्ब्युरेटरच्या कमी दाबाला जे३०आर७ पुरते, पण मी असतो तर तिथेही आर९च घेतली असती. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या जातीचं रबर त्यात लवकर खराब होतं. ‘सर, हे पण सेम’ म्हणून पारदर्शक प्लॅस्टिकची किंवा बाइकची नळी पुढे केली, तर हसून पुढचं दुकान गाठा.

२३. त्याच फेरीत गुळगुळीत पट्टीच्या, नट-बोल्टच्या क्लिपा आणि व्हायटॉनच्या ओ-रिंगा घ्या. पट्टीला आरपार खाचा असलेली क्लिप रबर कापते.

२४. नव्या नळीवर आधी क्लिप ओवा. हे विसरतात, आणि मग सगळं पुन्हा काढतात.

२५. नळी नाकाडावर २५ मिलिमीटरपर्यंत चढवा, क्लिप नाकाडाच्या फुगवट्याच्या पलीकडे यायला हवी. नळी सहज सरकत असेल तर माप मोठं आहे, परत करा.

२६. रबर पट्टीच्या कडेला जेमतेम उचललं जाईपर्यंत क्लिप आवळा. त्यापुढे नाही.

२७. ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावून इंजेक्टर सरळ दाबून बसवा. तिरका बसवलात तर नवी रिंगही कापली जाईल.

२८. भांड्यातलं पेट्रोल जेरीकॅनमध्ये ओता. राजकालुवेत (पावसाच्या पाण्याच्या नाल्यात) किंवा गटारात ओतू नका, तिथून वाफ कोणाच्या तरी घरापर्यंत जाते.

खात्री

२९. फ्यूज बसवा, मग बॅटरीची तार.

३०. चावी तीनदा ‘ऑन’ करून सगळे सांधे कोऱ्या टिश्यूने पुसा. कुठेही ओलं लागलं तर सतराव्या पायरीवर परत.

३१. इंजिन दहा मिनिटं चालवून बंद करा आणि तापलेल्या सांध्यांवरून पुन्हा टिश्यू फिरवा. गरम भागांपासून बोटं सांभाळा.

३२. सीटखालचे गालिचे काढून उन्हात टाका. गळती थांबली तरी भिजलेला गालिचा आठवडाभर वास सोडतो आणि आपण उगीच नव्या नळीवर संशय घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये बेंगळुरूच्या उन्हाचा भरवसा नाही, तेव्हा उघड्या हवेत जास्त दिवस ठेवा. आणि अत्तराची बाटली कृपया लावू नका, पुढची गळती कळणारच नाही.

३३. गाडी स्टँडवरून उतरवून गल्लीतून एक चक्कर मारा, आधी टप बंद, मग उघडा. नंदी हिल्सला एवढ्यात नको.

३४. टाकी फुल करून सहाव्या पायरीतल्या कागदाप्रमाणे प्रत्येक प्रसंग पुन्हा तपासा.

३५. नव्या नळीवर पांढऱ्या पेंट मार्करने आजची तारीख घाला. पाच वर्षांनी, फाटलेली नसली तरी, हीच नळी बदलायची आहे.